आक्काचं इंग्रजी

आक्का इंग्रजीतून भांडायची. जालन्यात त्या काळी इंग्रजीतून अर्ज लिहिणारे वकील होते आणि पगार घेऊन इंग्रजी शिकवणारा मी होतो. पण त्या भाषेत भांडणारी आक्का एकटीच. वडीगोद्रीच्या कुणब्याची विधवा, अंगावर काष्ट्याचं लुगडं, जिनिंग कारखान्याच्या गोऱ्या इंजिनिअरकडं स्वयंपाकाला. साहेब उशिरा आला की दारातच सुनावायची, "यू लेट, सूप कोल्ड, माय फॉल्ट नो!" साहेब टोपी काढून म्हणायचा, "सॉरी, आक्का."

ती माझ्या शेजारच्या खोलीत राहायची. मी सरकारी शाळेतला मास्तर. घरी मराठी, शाळेच्या पुस्तकात सरकारची उर्दू आणि शिकवायचं इंग्रजी. तीन सवतींत एक नवरा सापडावा तशी माझी जीभ. व्याकरण सगळं पाठ, पण समोरून गोरा आला की मी गल्ली बदलायचो. आमच्या हेडमास्तरांचं ठाम मत होतं की इंग्रजी घराण्यातूनच यावं लागतं, कुणब्याची जीभ त्याला जाड पडते. मी स्वतः कुणबी. तरी मान डोलवायचो. नोकरी होती.

हे आक्काच्या कानावर गेलं तेव्हा ती भाकरी थापता थापता म्हणाली, "भाषा काय सासू हाय का मास्तर, पदर सावरून बोलायला? आमच्या साहेबाला आजून कोथिंबीर म्हनता येईना. तो लाजतो का?"

एकदा कारखान्यात रहिमान नावाच्या कामगाराचा हात यंत्रात सापडला. दोन बोटं गेली. कामगारांवर देखरेख करणाऱ्या जमादारानं साहेबाला सांगितलं, गडी पिऊन आल्ता. म्हणजे नोकरीही जाणार. दुसऱ्या दिवशी सकाळी बंगल्याच्या ओसरीवर निवाडा ठरला आणि कामगारांनी मोठ्या विश्वासानं मला दुभाषी म्हणून उभं केलं.

साहेबानं मला काहीतरी विचारलं. 'तो प्यायलेला नव्हता' याला कुठला भूतकाळ लावावा, एवढाच प्रश्न होता. मी मनात तीन वाक्यं जुळवली, तिन्ही खोडली. घाम पुसला. रहिमान फडकं बांधलेला हात छातीशी धरून माझ्या तोंडाकडं बघत होता. ती नजर मला अजून आठवते.

तेवढ्यात, सकाळपासून कामगारांचं बोलणं आतून ऐकणारी आक्का पिठाच्या हातांनी बाहेर आली. "नो ड्रिंक, साहेब! हिम गुड मॅन. मशीन ईट हँड. बेल्ट बॅड, बेल्ट टॉर्न. यू गो, यू सी. नाउ!"

साहेब गेला. पट्टा खरंच फाटलेला निघाला. रहिमानला फाटकावर चौकीदारी मिळाली. कामगार आक्काच्या पाया पडले. मला कुणीतरी पाणी आणून दिलं.

त्या संध्याकाळी मी लाज सोडून तिच्या उंबऱ्यावर बसलो. "आक्का, मला सगळं येत होतं, मंग तोंड का उघडलं न्हाई?"

"तुमी इंग्रजी बोलताना साहेब व्हाया बघून राह्यले," ती म्हणाली. "ते काय होईना, म्हून गप बसता. मी आक्काच ऱ्हाते. बिलकुल सोपं जातं."

तेव्हापासून मी वर्गात पहिला धडा बदलला. पुस्तक बंद, प्रत्येकानं ताठ उभं राहून आपलं नाव, गाव आणि बापाचा धंदा इंग्रजीत सांगायचा. हेडमास्तर म्हणाले, "बाजार भरवलाय." पुढं इंजिनिअर विलायतेला गेला आणि आक्का वडीगोद्रीला परतली.

त्यानंतरच्या वर्षी शाळा तपासायला इन्स्पेक्टरसाहेब आले. माझा एक धनगराचा विद्यार्थी उठला आणि म्हणाला, "माय फादर कीप्स शीप." साहेब खो खो हसले. पोरगा खाली बसला नाही. त्यानं शांतपणे विचारलं, "व्हॉट इज फनी, सर?"

साहेबांचं हसू जागीच थांबलं. मी भीतीनं अर्धा झालो होतो, तरी व्याकरण तपासलं. चूक एकही नव्हती.

पुढच्या सुट्टीत मुद्दाम वडीगोद्रीला जाऊन मी आक्काला हे सांगितलं. ती शेंगा फोडत होती. आता खूप थकली होती, ऐकायलाही कमी येत होतं. सगळं दोनदा ऐकून घेतल्यावर तिनं विचारलं, "मंग? साहेब परत हसला का?"

"न्हाई."

"म्हंजी शिकला म्हना," आक्का म्हणाली, "साहेब."