खंडेनवमीला आलेली बंदूक

परवा फोनवर तुम्ही विचारलेत, "आजी, डिड यू रिअली हॅव अ गन अंडर द बेड?" उत्तर आहे, होय, एकवीस दिवस. आता सगळे क्रमाने सांगते, कारण तुमच्या आईच्या गोष्टीत मी गोळी झाडते, आणि ते साफ खोटे आहे.

सत्तरचे दशक संपत आले होते. आम्ही बहारीनला, अदलियात एका बंगल्याच्या मागच्या दोन खोल्यांत राहत होतो. एका बहारिनी व्यापाऱ्याच्या ऑफिसात मी इंग्रजी पत्रे टाइप करत असे आणि तुमचे आजोबा त्याच्याच सुतारकामाच्या वर्कशॉपमध्ये होते. या मालकाला आम्ही सगळे अरबाब म्हणत असू. आजोबांचा हात मालवणच्या होड्यांवर तयार झालेला, पण इथे आल्यापासून ते फक्त स्वयंपाकघरातली फॉर्मायकाची कपाटे करत होते. जेवताना म्हणायचे, "फॉर्मायका म्हणजे लाकडाला घातलेला रेनकोट. ऊन असो, पाऊस असो, काढायचाच नाही."

अरबाबला जुन्या लष्करी वस्तू जमवण्याचा नाद होता, आणि रिफाला राहणाऱ्या त्याच्या मोठ्या भावाला त्या नादाची थट्टा करण्याचा. अरबाबने एकदा पोर्तुगीज तोफ म्हणून एक लांब लोखंडी वस्तू आणली. भावाने तिच्या टोकाचे आटे दाखवून सिद्ध केले की तो गटाराचा पाइप आहे. तेव्हापासून अरबाब ऑफिसात पाइप हा शब्द उच्चारू देत नसे.

मग कळले, की कायमचा परत निघालेल्या एका इंग्रजाकडे दुसऱ्या महायुद्धातली, नेमबाजाची, दुर्बिणीसकट बंदूक आहे. विक्रीचा कागद करायला अरबाबने मला बरोबर नेले. व्हरांड्यात दोन खुंट्यांवर ती आडवी ठेवली होती आणि तिच्यावर पोहण्याचे कपडे वाळत होते. मी लिहिले: बंदूक एक, दुर्बीण एक, पत्र्याच्या डब्यात, चामडी पट्टा एक. इंग्रजाच्या बायकोने शेवटी ते कपडे काढून घेतले, तेव्हा व्यवहार पूर्ण झाला.

पोलिसांचा परवाना अरबाबकडे होता. गोळी आत सरकवणारा बंदुकीचा बोल्ट त्याने काढून स्वतःच्या तिजोरीत ठेवला, म्हणजे आमच्याकडे आली ती दात काढलेली. आजोबांच्या हातात देताना तो म्हणाला, "ये अच्छा बनाओ, फिर मेरा सब पुराना सामान तुम्हारा हाथ में. किचन खलास." दसरा त्या वर्षी शुक्रवारी होता. त्याच दिवशी ती त्याला भावाला दाखवायची होती.

आजोबा त्या रात्री जेवताना फॉर्मायकाबद्दल काही बोलले नाहीत. यावरून काय ते समजा.

लोखंडावरचे जुने घट्ट ग्रीस त्यांनी रॉकेलने उतरवले. आमच्या खोलीला रॉकेलचा वास, वरणालाही थोडा. दस्त्याच्या लाकडाला जागोजागी पोचे पडले होते. ओले फडके ठेवून वर गरम इस्त्री दाबली की लाकूड फुगून पोचा वर येतो.

"अहो, ती माझी साड्यांची इस्त्री आहे!"

"अगं, हिलाही सुरकुत्याच पडल्यात."

दुर्बीण साफ झाल्यावर आम्ही ती एकटीच गच्चीवर नेऊन तपासली. गल्लीच्या टोकाच्या घरावरची बकरी अगदी नाकासमोर आल्यासारखी दिसली. ती काय चघळते आहे तेही दिसले. माझा हरवलेला टॉवेल.

शेवटी जवसाचे तेल. तळहाताने पातळ चोळायचे, दिवसभर वाळू द्यायचे, पुन्हा चोळायचे. सात हात दिले. दस्ता चहासारखा लालसर तपकिरी दिसू लागला, आणि त्यावरचा सैन्याचा बारीक शिक्का जसाच्या तसा राहिला. आजोबा म्हणाले, "हा शिक्का म्हणजे हिचा जन्मदाखला. हा गेला की ही नुसती काठी."

गुरुवारी खंडेनवमी. तुम्हाला ठाऊक नसेल, त्या दिवशी आपण शस्त्रांची आणि हत्यारांची पूजा करतो. ज्याच्या जिवावर पोट भरते त्याला वर्षातून एकदा नमस्कार. आमच्या घरी आजवर पूजेला काय असे? रंधा, पटाशी, विळी, अडकित्ता आणि माझी कात्री. आणि या वर्षी घरात खरेखुरे शस्त्र असताना मी त्याला पलंगाखाली ठेवून विळीला हळद-कुंकू वाहायचे?

आजोबा कामावर होते. मी चौरंग मांडला, उंचीप्रमाणे सगळे लावले, सर्वांत मागे बंदूक. विळीला दोन बोटे हळद, अडकित्त्याला दोन बोटे. बंदूक मोठी म्हणून तिला पाच. व्यवस्थित, सारख्या अंतरावर, बरोबर शिक्क्याच्या शेजारी.

तेलाचा शेवटचा हात त्यांनी सकाळीच दिला होता, हे मला ठाऊक होते. ओल्या तेलात हळद मुरते हेही ठाऊक होते. लोणची काय मी पहिल्यांदा घालत होते? फक्त दोन्ही गोष्टी एकत्र आठवल्या नाहीत.

दुपारी घरी आल्यावर आजोबांनी आधी नमस्कार केला, मग पाहिले.

"हे काय?"

"हळद. पुसली की जाईल."

पुसली. गेली नाही. मी साबण लावला, आणि पिवळी पाच बोटे रक्तासारखी लाल झाली. हळदीला साबण लागला की लाल होते, हे प्रत्येक बाईला माहीत असते. मी टाइपिस्ट होते ना.

"थांब! आणखी काही करू नकोस!" आजोबा ओरडले.

मी तोवर लिंबू पिळले होते. बोटे पुन्हा पिवळी झाली.

"म्हणजे आता आपल्या हातात एवढंच आहे," ते खाली बसत म्हणाले, "पिवळी की लाल."

"पॉलिश पेपरने घासा."

"घासलं तर शिक्का जाईल." लिंबाची साल उचलून टाकत म्हणाले, "शनिवारपासून पुन्हा रेनकोट."

मी ठरवले, चूक माझी, तर सांगणारही मीच. शुक्रवारी अरबाबने गाडी पाठवली. रिफाला, भावाच्या मोठ्या बैठकीत, गाद्यांवर, दोघे भाऊ बसले होते. आजोबांनी बंदूक ठेवली. अरबाबचा चेहरा आधी फुलला, मग पाच बोटांपाशी अडकला. भाऊ पुढे वाकला.

"ये क्या है?"

मी उभी राहिले. हिंदीत सांगितले की आज आमचा दसरा, काल शस्त्रपूजा होती, ही हळद आहे, आणि ती निघत नाही.

"इससे क्या होता है?"

"साल भर हत्यार अपना काम ठीक करता है."

भाऊ गंभीरपणे अरबाबकडे वळला. "सुना? यल्ला, चलो, तुम्हारा तोप को भी लगवाओ. पानी बराबर जाएगा."

आणि तो इतका हसला, की त्याच्या हातातली कॉफी गादीवर सांडली. अरबाब हसला नाही. पण हसून झाल्यावर भावाने बंदूक उचलली, खांद्याला लावली, शिक्का वाचला, दस्त्यावरून हात फिरवला. मग कुठे तोंडातून निघाले, "ये असली है." थोड्या वेळाने अरबाबकडे न पाहता त्याने मला विचारले, "सिस्टर, मेरा शिकार का बंदूक है. दस साल में एक पक्षी नहीं गिरा. उसको भी लगाएगा?"

परतताना गाडीत आजोबा अदलिया आल्यावर म्हणाले, "शनिवारी तलवारीच्या म्यानांपासून सुरू करायचंय. अरबाब म्हणाला." त्यानंतर त्यांनी एकही किचन केले नाही. आपल्या घरातलेसुद्धा, आणि त्याबद्दल माझी तक्रार आजही आहे.

पुढच्या वर्षी खंडेनवमीच्या सकाळी दारात रिफाची गाडी उभी राहिली. ब्लँकेटमध्ये गुंडाळलेली आमची जुनी पाहुणी उतरली, मग भावाची शिकारीची बंदूक. मागच्या वर्षीच्या हळदीनंतरही तिने पक्षी पाडला नव्हताच, पण त्याची श्रद्धा वाढली होती. चौरंगावर जागा करत होते तोवर मागून एक पिकअप आला. चार माणसे घाम पुसत काहीतरी लांब, लोखंडी खाली उतरवत होती.

मी मुकाट्याने आणखी हळद कालवली.