पाचवीच्या आधीचं

आमच्या वाडीत मूल जन्मलं की लगेच गणतीत धरत नाहीत. पाचव्या दिवशी पाटा-वरवंटा मांडून सटवाईची पूजा होते, पुढ्यात कोरा कागद आणि पेन ठेवतात, ती येऊन बाळाचं नशीब लिहून जाते, आणि मग ते मूल घरचं होतं. त्याआधी गेलं तर ते आलंच नव्हतं. रडायचं नाही, सुतक धरायचं नाही. बापेमाणसं ओढ्यापलीकडे जाऊन खड्डा करून येतात आणि बाई चार दिवसांत कामाला लागते. पुन्हा त्याचा विषय काढायचा नाही, गरोदर बाईसमोर तर मुळीच नाही. हे सगळं मी त्या डॉक्टरीणबाईंना पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. एरवी माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, साऱ्या वरंधला ठाऊक आहे!

कोकण रेल्वे नुकती धावायला लागली होती, तेव्हाची गोष्ट. डॉक्टरीणबाई मुंबईहून वीर स्टेशनला उतरायच्या, रिक्षाने महाडला यायच्या, तिथून एसटीने वरंध आणि पुढे तासभर चढण चढून आमची वाडी. महाड-पोलादपूरच्या डोंगरवाड्यांत तान्ही मुलं का दगावतात, याचा अभ्यास त्या करत होत्या. असे अभ्यासवाले आधीही येऊन गेले होते. यायचे, विचारायचे, लिहून घ्यायचे, की पुन्हा तोंड दाखवायचे नाहीत. या बाई वेगळ्या निघाल्या. आम्हा सहा वाड्यांतल्या सहा बायांना शाळेच्या पडवीत जमवलं, स्वतः जमिनीवर बसल्या आणि म्हणाल्या, "तुम्ही नुसत्या फॉर्म भरणाऱ्या नाही. या कामात तुम्ही माझ्या भागीदार आहात. काय विचारायचं, कसं विचारायचं, ते तुम्ही ठरवा."

खोटं कशाला बोलू, माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. दहावी शिकून या डोंगरात सून म्हणून आले, तेव्हापासून मला कुणी काही ठरवायला सांगितलं नव्हतं. भाकरी किती टाकायच्या तेसुद्धा सासूबाई ठरवायच्या.

त्यांच्या फॉर्मात एक प्रश्न होता: बाळंतपणं किती झाली, आणि पहिल्या महिन्यात किती मुलं गेली. मी तोंड वर करून म्हटलं, "बाई, हे विचारलंत तर दुसऱ्या घरी चहा मिळणार नाही. पहिल्या घरातून केरसुणी घेऊन मागे लागतील."

सगळ्या हसल्या. बाईही हसल्या, आणि मग त्यांनी नीट विचारलं, "पण मुलं जातात का हो अशी? अगदी पहिल्या आठवड्यात?"

आम्ही सहाजणी एकमेकींकडे बघितलं. प्रत्येकीच्या घरात नाहीतर शेजारच्या घरात ओढ्यापलीकडे कुणी ना कुणी होतंच. पण पोलादपूरकडच्या एकीचा सातवा महिना चालू होता आणि ती तिथेच बसलेली. तिच्यासमोर बोलणार कोण? मीच बोलले, "तशी फारशी नाही. मोठी होऊन जुलाबाने जातात." बाईंनी लिहून घेतलं. तो प्रश्न फॉर्मात राहिला, पण घरात विचारायचा नाही, उत्तर आपणच घालायचं, असं आम्ही पायवाटेने उतरताना ठरवून टाकलं. आपल्या बायांना त्रास नको. मला तर आम्ही मोठं शहाणपण केलं असंच वाटत होतं.

आमच्याच घरी माझी धाकटी जाऊ होती. तिचा नवरा, म्हणजे माझा दीर, मुंबईला, माझा नवराही तिकडेच. घरात आम्ही दोघी, सासूबाई आणि माझी दोन मुलं. जावेची दोन गेली होती. पहिला मुलगा दुसऱ्याच दिवशी. दुसरी मुलगी पिवळी पडत गेली, हळदीत बुडवल्यासारखी, आणि चौथ्या दिवशी संपली. दोन्ही वेळा मी तिच्या उशाशी होते, आणि आता तिला पुन्हा पाचवा महिना लागला होता.

तिचा फॉर्म मी घरातच भरला. सासूबाई समोर तांदूळ निवडत होत्या. मी मोठ्याने एक एक विचारत गेले: वय, लग्नाला वर्षं किती, आणि तिथे अडले. जाऊ माझ्याकडे बघत होती. तिला सांगायचं होतं, असं मला आज वाटतं. तेव्हा वाटलं की घाबरली आहे. सासूबाईंनी सूप खाली ठेवलं. मी तिथे लिहिलं, पहिलटकरीण.

दोन महिन्यांनी डॉक्टरीणबाई आल्या त्या खुशीत. फॉर्मांवरून त्यांनी एक यादी केली होती. ज्यांची तान्ही मुलं आधी गेली होती, त्या बायांचं रक्त तपासायचं आणि दिवस भरायच्या आठ दिवस आधी गाडी पाठवून त्यांना महाडच्या दवाखान्यात आणून ठेवायचं. इतर वाड्यांच्या बायांनी थोडीफार नावं दिली होती. ठरलं होतं एक, त्यांनी केलं भलतंच, असं म्हणून मी मनात चिडलेसुद्धा. आमच्या वाडीचं एकही नाव नव्हतं. बाई मला म्हणाल्या, "तुमच्या वाडीत एकही तान्हं मूल गेलेलं नाही. हे कसं काय साधलंत? तुमच्याकडून शिकायला हवं."

शिकायला हवं! मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं, आणि तरी मी हसले.

घरी येऊन सासूबाईंना बाजूला घेतलं. म्हटलं, "आत्याबाई, हिचं नाव यादीत घालायला हवं. गाडी येईल, डॉक्टर असतील. आधीची दोन सांगावी लागतील, बस."

"सांग की," त्या म्हणाल्या. "गावभर दवंडी पिट. सटवाय म्हणंल, मी लिवलं नाय ते ह्यांनी लिवलं. पोटातलं ऐकतंय गो सगळं. झाकली मूठ सवा लाखाची, उघडू नको."

"पण आत्याबाई, हेही गेलं तर?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "तुझी दोन जगली ना? म्हणून तुला सुचतंय."

माझा राग नाकाच्या शेंड्यावर. एरवी मी वाडी डोक्यावर घेतली असती. पण ते वाक्य मनाला लागलं. खरंच होतं ते. माझी दोन अंगणात खेळत होती. मी कुठल्या तोंडाने तिची मेलेली उकरून काढू? सासूबाईसुद्धा वाईट नव्हत्या. त्यांची स्वतःची तीन होती ओढ्यापलीकडे, आणि त्या कधीही, एकदाही त्यांच्याबद्दल बोलल्या नव्हत्या. जावेला मात्र मी विचारायला हवं होतं. गाडीबद्दल तिला एका शब्दाने सांगितलं नाही. सासूला विचारलं, पण जिच्या पोटात मूल होतं तिला नाही.

मनाशी ठरवलं, येत्या गुरुवारी बाई आल्या की सगळं सांगून टाकायचं. गुरुवारी बाई आल्या, पण एकट्या नाही. मुंबईचे दोन मोठे डॉक्टर बरोबर. त्यांना माझ्यापुढे उभं करून बाई म्हणाल्या, "यांच्याशिवाय या कामातली एक ओळ लिहून झाली नसती." डॉक्टरांनी मला हात जोडले. मला! हातात चहाचा ट्रे घेऊन मी उभी होते. या लोकांसमोर कसं म्हणू की बाई, मी तुम्हाला खोटं लिहून दिलं? म्हटलं, पुढच्या गुरुवारी. मग भातकापणी आली, बाईंचं येणं लांबलं, आणि खरं सांगायचं तर मला बरं वाटलं.

जाऊ दिवस भरायच्या चार दिवस आधी बाळंत झाली. सोमवारी, चुलीवर आंबील उकळत होती तेव्हा. सुईण वाडीतलीच, हाताला चांगली. मुलगा झाला, रडला. सासूबाईंनी लगेच दृष्ट काढली. संध्याकाळपर्यंत त्याच्या डोळ्यांची कड पिवळी दिसायला लागली. आम्ही दोघींनी ते आधी बघितलं होतं. मंगळवारी छाती पिवळी. बुधवारी सकाळी तो दूध ओढेना. मी म्हटलं, आता बस झालं. सासूबाई दारात आडव्या उभ्या राहिल्या, "पाचवी होऊ दे गो, पाचवीआधी उंबरा ओलांडत नाय," आणि मी आयुष्यात पहिल्यांदा त्यांना हाताने बाजूला केलं.

दोन दिवसांच्या बाळंतिणीला घेऊन मी ती उतरण उतरले. सापडला तो टेम्पो थांबवला. महाडला पोचेपर्यंत बारा वाजले. तिथल्या डॉक्टरांनी बाळाला दिव्याखाली ठेवलं आणि विचारलं, "पहिलंच का?"

मी म्हटलं, "तिसरं." तोंडातून निघालं. किती सोपं होतं!

"आधीची?"

"गेली. दुसरी अशीच पिवळी पडून."

त्यांनी मान वर केली. "मग आईचं रक्त आधी तपासायला नको का? बाळंतपण इथेच व्हायला हवं होतं. जन्मल्याबरोबर हातात असतं तर मुंबईला हलवलं असतं." ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर मी भांडले तरी असते.

दुपारी चारच्या सुमारास तो गेला.

शेजारच्या खाटेवर पोलादपूरकडची एक अनोळखी बाई होती, मांडीवर मूल घेतलेली. जावेची समजूत घालायला म्हणून ती म्हणाली, "माझी पण दोन गेली बाय. ह्या वक्ताला घरी गाडी आली, आठ दिस आदी हितं आणून ठेवलं. तुला नाय आली गाडी?"

वरंधच्या एसटीत बसल्यावर, गाडी घाटाकडे वळल्यावर, जावेने खिडकीबाहेर बघत विचारलं, "ताई, मला गाडी का नाय आली?"

मी म्हटलं, "घरी गेल्यावर बोलू." घरी गेल्यावर मी बोलले नाही.

पुढच्या गुरुवारी डॉक्टरीणबाई आल्या. त्यांना महाडला कळलं होतं. आमच्या पडवीत बसल्या आणि हळूच म्हणाल्या, "तुम्ही मला का नाही सांगितलंत?"

मी फाडकन म्हटलं, "तुम्ही कधी विचारलंत?" आणि ते बोलताबोलताच मला आठवलं की त्यांनी विचारलं होतं, शाळेच्या पडवीत, अगदी नीट. त्यांनाही आठवलं असणार. मग मी रडत रडत सगळं सांगितलं: पाचवी, ओढा, आम्ही सहाजणींनी ठरवलेलं, पहिलटकरीण. त्यांनी एकदाही मध्ये तोंड घातलं नाही. शेवटी म्हणाल्या, "चूक माझीही आहे. भागीदार म्हटलं, पण उत्तर सोयीचं आलं तेव्हा खोदून विचारलं नाही." मग पिशवीतून कोरा फॉर्म काढला. "आता हा तुमच्या जावेला विचारूनच भरायचा. ती नको म्हणाली तर नको."

जाऊ आत भिंतीला टेकून बसली होती, तिने सगळं ऐकलं असणार. मी फॉर्म घेऊन तिच्यापुढे बसले. सासूबाई चुलीपासून उठल्या. "काय लिवायचं त्यात? पाचवी नाय झाली त्याची. लिवन्यासारखं काय हाय?"

मी जावेकडे बघितलं. म्हटलं, "नको म्हणालीस तर मी आत्ता फाडते. तू म्हणशील तर गेलेलं मूल एक, असं लिहिते."

तिने सासूबाईंकडे बघितलं नाही. फॉर्म माझ्या हातातून घेतला. तिला वाचता येत नव्हतं, तरी वरपासून खालपर्यंत बघितला आणि माझ्याकडे परत दिला.

"एक नको," ती म्हणाली. "तीन लिव. आनी खाली सही तुझी कर."