दूमवाल्याचा शनिवार

माझा बाप रेल्वेच्या रुळांखाली खडी टाकायचा आणि आई डोंगरातून मोळ्या आणून लोणावळ्याच्या बंगल्यांना विकायची. लोणावळ्याजवळ औंढे गावाच्या अलीकडे, डोंगराच्या पोटाशी आमची वाडी. पावसाळ्यात दोघांचीही कामं बंद पडली की नाचणीची आंबील, आणि तीही श्रावणापर्यंत पातळ होत जायची. अशा घरातून मी बी.ए. झालो. आमच्या वाडीत पहिलाच. हे मी कुठेही सांगतो, लाजत नाही.

त्या वाडीला एक चैन मात्र होती. शनिवारी संध्याकाळी लोणावळ्यात रेल्वेवाल्यांच्या हॉलमध्ये नाचाचा बॅण्ड वाजायचा. गाणं आमच्यापर्यंत पोचायचं नाही. गाणारीचा गळा, बाजा, सगळं इंद्रायणीच्या पलीकडेच राहायचं. वारा आमच्याकडे असला की यायचा तो फक्त खालचा, जाड आवाज. दूम, दूम, दु-दूम. वाजवणाऱ्याचं नाव लिओ, वाद्याचं नाव बेस गिटार, आणि गाणी अमेरिकेतल्या काळ्या लोकांची, हे मला फार पुढे कळलं. वाडीत तो 'दूमवाला'. बायकांनी भात कांडायचा वारच शनिवार धरला होता. एका उखळात समोरासमोर दोन मुसळं, आणि ठेका दूमवाल्याचा.

आईबरोबर मोळी घेऊन मी हॉलच्या मागच्या दाराशी जायचो. एकदा तिथेच रेंगाळलो, तर पहारेकऱ्याने हाकललं. तेव्हापासून एकच मनात होतं, त्या दूमच्या वर काय असतं ते एकदा आत बसून ऐकायचं. पुढे कॉलेज झालं, बार्शीला मास्तरकी लागली. दर सुट्टीत म्हणायचो, या खेपेला जाऊ.

यंदा वैशाखात वाडीतून सांगावा आला. दूमवाला गेला. शनिवारी त्याच्यासाठी हॉलात गाणार आहेत, दार सगळ्यांना उघडं आहे. मी रजा टाकली.

पुण्याहून पॅसेंजर धरली. देहूरोडला एक गृहस्थ चढले, दंडाला काळी फीत. माझ्यासमोर बसले आणि शेंगांचा पुडा मध्ये ठेवला.

"कुठवर?"

"लोणावळा."

"लिओसाठी?" माझी नजर फितीवर आहे हे पाहून त्यांनी विचारलं.

मी मान हलवली. गृहस्थांचं नाव दिनकरराव. लष्कराच्या डेपोत स्टोअरला नोकरी, आणि रविवारी लग्नाच्या बॅण्डमध्ये बेस.

"त्याच्याच हाताखाली शिकलो. या गाडीत अजून तिघंचौघं सापडतील. दंडाला फीत दिसली की समजायचं, आपल्यातला."

"मग आज त्याच्या जागी तुम्ही वाजवणार?"

"छे. गिटार खुर्चीवर ठेवणार, नुसती. तिला हात लावायची छाती कुणाची आहे?" दिनकररावांनी एक शेंग फोडली आणि हातातच धरून ठेवली. "सगळं शिकवलं त्यानं. एक जागा तेवढी राहिली. ठेका रंगात आला की मध्येच एक ठोका गाळायचा. गाणं असं अधांतरी लटकायचं बघा, आणि परत खाली यायचं. आम्ही गाळला की चूक वाटायची. का गाळतोस विचारलं तर हसायचा."

मळवली मागे पडलं. बाहेर डोंगर वाळून पिवळे झाले होते, फक्त करवंदीच्या जाळ्या हिरव्या. लोणावळ्याला उतरल्यावर चिक्कीवाल्यांच्या हाका आणि हवेतला तो ओळखीचा गारवा. संध्याकाळी भेटायचं ठरवून मी वाडीची वाट धरली. इंद्रायणी इतकी आटली होती की दगडांवरून पार झालो, पण पलीकडच्या काठावर नव्या वहाणेचा अंगठा तुटला. बार्शीचा मास्तर वहाणा हातात घेऊन घरी पोचला.

आईने भाकरी आणि सुकटीची (वाळवलेल्या बारीक मासळीची) चटणी पुढे ठेवली.

"त्यो गेला न् मुसळावर मुसळ आदळाय लागलं," ती म्हणाली. "समोरची काशी म्हनती तुजंच चुकतंय. मी म्हनते तुजं."

"आये, चल माज्यासंगं. हॉलात."

"मी? डोईवर मोळी न्हाई, तितं जाऊन काय सांगू?"

"सांग, बी.ए. झालेल्याची आई हाय."

"त्येनं काय भात कांडून हुतंय व्हय?" ती म्हणाली. पण उठली आणि धुवट लुगडं नेसून आली.

दोघंही अनवाणीच आत शिरलो. दारावरच्या माणसाने काही विचारलं नाही. उलट दोन खुर्च्या सरकवून दिल्या. आई टोकाला, कुणीतरी उठवेल अशा बेताने बसली. पायाखाली नाचासाठी केलेली लाकडी जमीन. समोर मंचावर लिओची गिटार खुर्चीत टेकवलेली, गळ्यात मोगरा. पुढच्या रांगेत काळ्या झग्यातली त्याची बायको.

एक बाई गायला लागली. गळा असा की अंगावर काटा यावा. ज्याच्यासाठी इतकी वर्षं तळमळलो ते 'वरचं' मी ऐकत होतो, आणि मला काहीच ओळखीचं वाटेना.

आई माझ्या कानाशी आली. "ह्ये कुनाचं गानं?"

"त्येचंच."

"न्हाई रं. ह्यात त्यो कुटं हाय?"

थोड्या वेळाने तिची टाच जमिनीवर पडू लागली. दूम, दूम, दु-दूम. घशात बारीक हुंकार, कांडताना असतो तसा. लाकूड घुमायला लागलं. माणसं वळून बघू लागली. मी तिचा हात दाबणार, तेवढ्यात ती एक ठोका थांबली, मांडीवरची उजवी मूठ सोडून डावी आवळली, आणि टाच परत पडली.

दिनकरराव उठून आमच्याकडे आले आणि तिच्यासमोर चवड्यांवर बसले.

"मावशी, तिथं का थांबलात?"

"हात बदलाया. मुसळ जड असतंय." तिला प्रश्नाचंच नवल वाटलं. "त्यो तितंच थांबायचा. आमच्यासाटी."

दिनकररावांनी वळून लिओच्या बायकोकडे पाहिलं. तिने मान हलवली. मग त्यांनी मोगरा अलगद काढून खुर्चीवर ठेवला आणि गिटार गळ्यात घातली. गाणं पहिल्यापासून सुरू झालं. त्यांची नजर आईच्या मुठीवर होती. ती जागा आली, मूठ बदलली, गाणं अधांतरी लटकलं आणि खाली आलं. पुढच्या रांगेत लिओची बायको रडत होती.

लिओला आमची वाडी खरंच माहीत होती का, मला ठाऊक नाही. आईला ठाऊक आहे. मी वाद घातला नाही.

दुसऱ्या दिवशी, बापाने खडी टाकलेल्या त्याच रुळांवरून परत निघालो. वाडीकडचा वारा आता शनिवारीसुद्धा रिकामाच येणार. ज्याच्या ठेक्यावर कांडलेला भात खाऊन मी वाढलो त्या माणसाचं तोंड मी पाहिलं नाही, आणि ते आता व्हायचं नाही. पण आई आणि मी, दोघंही त्या हॉलात खुर्चीवर बसलो आणि ते गाणं वरपासून खालपर्यंत पुरतं ऐकून आलो.