पडद्यावरचा साहेब

काल ऑफिसात मी बायकोवर ओरडलो, आणि चूक माझी होती. मी करसल्लागार; माझ्या छोट्या ऑफिसात वीणाच असिस्टंट. अशिलाला चुकीची वेळ मीच दिली होती, तरी त्याच्यासमोर तिला म्हणालो, "डोकं घरी ठेवून येतेस का?"

आज संध्याकाळी ती स्वयंपाकघरात मेथी निवडत मोबाइलवर हिंदीत डब केलेली चिनी मालिका बघत होती. त्यातला देखणा साहेब सगळ्या ऑफिसदेखत आपल्या असिस्टंटची माफी मागत होता. त्याच्या डोळ्यांत पाणी, मागे व्हायोलिन.

"असला साहेब असतो का कुठे?" मी हसलो.

"नसतो. म्हणून तर बघते," ती मान वर न करता म्हणाली.

पडद्याच्या उजेडात तिचा चेहरा किती मऊ झाला होता! माझ्याकडे बघताना तो तसा शेवटचा कधी झाला, ते मला आठवेना. इतकी वर्षं आम्ही एकाच टेबलाशी बसतो, आणि तिला माया मिळते ती एका परक्या, खोट्या माणसाकडून. आता माझ्याकडून तिला काही हवं असेल, असंही वाटेना.

बाहेरच्या खोलीत आमची मुलगी अभ्यास करत होती. तिला ऐकू जाऊ नये म्हणून मी स्वयंपाकघराचं दार लोटलं आणि हळूच म्हणालो, "वीणा, काल माझंच चुकलं. माफ कर."