उरलेली टेप

तुमचं वाजवणं सगळ्यात मन लावून कोणी ऐकलं, असं मला कोणी विचारलं तर मी विषय बदलतो. उत्तर मला माहीत आहे, म्हणूनच बदलतो.

नव्वदीचं दशक अर्धं सरलं होतं. अंबडच्या कोर्टासमोर मी टाईपरायटर घेऊन बसायचो. दिवसभर अर्ज, नोटिसा, वाटणीपत्रं बडवायची आणि चार वाजले की बसस्टँडजवळच्या कॅसेटच्या दुकानात जाऊन बसायचं. दुकानदार माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठा, मी त्याला भाऊ म्हणायचो. त्याच्याकडे कॅसेट भरून मिळायच्या आणि तुटलेल्या जोडून मिळायच्या. जोडायचं काम मी करायचो, आणि त्या बदल्यात दुकानातले दोन टेप मला माझ्या उद्योगाला वापरता यायचे.

माझा उद्योग म्हणजे कीबोर्ड. एका बँडवाल्यानं टाकून दिलेला मी घेतला होता. त्याच्या तीन पट्ट्या मुक्या होत्या, पण आत ठेके भरलेले होते. एका टेपवर ठेका भरायचा, तो चालू ठेवून त्यावर सूर वाजवायचे आणि सगळं मिळून दुसऱ्या टेपवर घ्यायचं. असं चार वेळा केलं की मागून पापड तळल्यासारखी खरखर यायची. मला ते संगीत वाटायचं. घरचे त्याला लाईटीवरची पेटी म्हणायचे आणि ती सुरू झाली की अंगणात जाऊन बसायचे.

माझी सहा मिनिटांची एक धून तयार झाली तेव्हा भाऊनं ती डोळे मिटून ऐकली. मला वाटलं गडी रंगला.

"सुरुवात लई लांबली," तो डोळे न उघडताच म्हणाला. "लोकं एवढं थांबत न्हाईत. ठेका पहिल्यापासून पायजे. आवाज फुल ठेव. अन् शेवटाला तुझं नाव सांग, गाव सांग. नावाबिगर कोण वळखतंय तुला?"

मला राग आला. पण दुसरं कोणी काही बोलतच नव्हतं, त्यामुळे मी ऐकलं. धून कापून साडेतीन मिनिटांवर आणली. शेवटी जरा घोगरा आवाज काढून नाव सांगितलं, मुक्काम पोस्ट अंबड सांगितलं. मग विचारलं, "आता हे ऐकणार कोण?"

"कॅसेट भरली की शेवटाला टेप उरतीच. कोरी कशाला सोडायची? तिथं भर तुझं. भजन संपलं की तू, कव्वाली संपली की तू. लोकं उठून बंद करस्तोवर तू वाजून राह्यला. फुकटात तालुकाभर जाशील."

ही युक्ती मला बेहद्द आवडली. दुकानातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक कॅसेटच्या शेपटीला मी बसू लागलो. भरलेली असो की जोडलेली, टेप उरली की माझी धून. एकदा कोर्टात एका पक्षकारानं माझं नाव ऐकून वर पाहिलं आणि म्हणाला, "म्हंजे ते भजनानंतरचे तुम्हीच काय?" त्यादिवशी मी घरी जाताना दोन वेळा रस्ता चुकलो असेन. इतका हरभऱ्याच्या झाडावर चढलो होतो.

उन्हाळ्यात तीर्थपुरीकडच्या एका वस्तीवरचा माणूस दुकानात आला. मेंढ्या राखणारं घर, अलीकडे थोडी शेतीही करणारं. त्याचं मुंडण ताजं होतं. रुमालात गुंडाळलेली कॅसेट त्यानं दोन्ही हातांनी माझ्यापुढे ठेवली. टेप बाहेर येऊन तिचा गुंता झाला होता.

"मशीननं खाल्ली. वडलांच्या ओव्या हायेत, दादा. वडील गेले. तेराव्याला लावायची हाय, तवा जरा जपून करा."

मी जपूनच केलं. चुरगळलेला तुकडा कापला, नेलपॉलिशचा थेंब लावून टोकं जोडली, पेननं चाक फिरवून टेप आत घेतली आणि लावून पाहिली. म्हाताऱ्याचा आवाज खणखणीत होता. मेंढरांच्या देवाची ओवी होती, सोबत कोणी तरी डब्यावर ताल धरला होता. ओवी संपली. म्हातारा खोकला, तांब्या खाली ठेवल्याचा आवाज आला. मग काहीच नाही. मी अर्धा मिनिट थांबलो असेन. चाकावर अजून बरीच टेप दिसत होती.

कॅसेटच्या पाठीला दोन बारके कोपरे असतात. ते मोडले की तिच्यावर कोणी दुसरं काही भरू शकत नाही. या कॅसेटचे दोन्ही कोपरे मोडलेले होते. ती काही कंपनीतून गाणी भरून, कोपरे मोडूनच आलेली नव्हती. म्हणजे कोणी तरी समजून उमजून ते मोडले होते. हे मी पाहिलं. पण मोडलेल्या कोपऱ्यावर चिकटपट्टी लावली की पुन्हा भरता येतं, आणि माझ्या टेबलाच्या कडेला तिचे तुकडे कायम तयार असायचे. मी एक काढला, लावला आणि बटण दाबलं. साडेतीन मिनिटं, आवाज फुल, शेवटी माझं नाव.

आणि आता लाज सोडून लिहितो. तेराव्याला सगळी भावकी जमेल, पाहुणे येतील, एवढी माणसं एकदम ऐकतील, म्हणून मी खूश होतो. तो माणूस कॅसेट घ्यायला आला तेव्हा मी त्याला ओव्या संपल्यावर लगेच बंद करू नका, असंही सांगितलं.

तेरावं झाल्यावर तिसऱ्या दिवशी तो परत आला. मी उभा राहिलो. त्यानं माझी कॉलर धरली असती तर बरं झालं असतं. तो स्टुलावर बसला आणि आधी पाणी मागितलं.

"दिवाळीला बहीण आल्ती," तो म्हणाला. "तिनं आबांच्या ओव्या भरल्या. ओवी झाल्यावर टेप तसाच चालू ठेवला, आबांनी जरा दम खाल्ला, अन् मंग त्यांच्या मागं लागली, आईचं नाव घ्या म्हणून. आबांनी जलमात कधी घेतलं न्हाई. 'अगं', 'ऐकती का', एवढंच. ते आधी बोललेच न्हाईत. बहिणीनं लई गळ घातली, तवा एकदा घेतलं."

"आणि आईनं ऐकलं?" मी विचारलं.

"आई तवा मेंढराकडं गेल्ती. बहिणीनं सांगितलं तर लाजली. म्हणली, ते घरात असताना कसं ऐकू, ऐकू मंग कवातरी. मंग आबाच गेले." त्यानं उरलेलं पाणी पिऊन टाकलं. "तेराव्याला आईला मुद्दाम टेपापाशी बसवलं. ओवी झाली, खोकले, अन् तुमचं सुरू झालं. शेवटाला तुमचं नाव आलं. त्याच्या पुढं बहिणीचं हसणं राह्यलंय, अन् आबांचं, 'झालं का तुमच्या मनासारखं? बंद कर आता.' तेवढंच राह्यलंय."

भाऊ गल्ल्यामागे काही तरी शोधू लागला. नंतर तो मला एवढंच म्हणाला, की आपण नेहमीच असं करतो, तुझं काय चुकलं. मी त्याच्याकडे पुन्हा टेप जोडायला गेलो नाही.

"आई म्हणती, त्या माणसाला घेऊन ये," असं त्या माणसानं सांगितलं, म्हणून मी त्याच्यासोबत बसनं गेलो. वाटेत तो ज्वारीबद्दल बोलला, पावसाबद्दल बोलला, माझं तिकीटही त्यानं मला काढू दिलं नाही.

म्हातारी ओसरीवर बसली होती. कॅसेट तिच्या मांडीवर होती. तिनं मला जवळ बसवलं आणि ती माझ्या हातात दिली.

"तुझं तेवढं काढून घे, बाबा. आमचं राहू दे."

मी तिला समजावून सांगितलं. टेपवर एकावर एक थर बसत नाही, नवं भरताना जुनं पुसलंच जातं, खाली काहीही शिल्लक नसतं. कोर्टात अर्ज समजावतो तसं, दोन वेळा सांगितलं. तिनं दोन्ही वेळा मान हलवली.

"रोज ऐकती मी," ती म्हणाली. "तुझं सगळं ऐकती. मधी एका जागी तुझी पेटी जरा हळू होती. तिथं वाटतं, खालून येईल."

ती जागा मला माहीत होती. तिथे मुकी पट्टी यायची आणि सूर तुटायचा.

"तू भरलं, म्हंजे आदुगर ऐकलं आसंल की," ती म्हणाली. "घेतलं का त्यांनी बराबर?"

मी ऐकलं नव्हतं. अर्धा मिनिट थांबून मी कंटाळलो होतो. पण तिच्या तोंडाकडे बघून माझ्याकडून निघून गेलं, "हो मावशी. बरोबर घेतलं. मी ऐकलं."

"कसं घेतलं? म्हणून दाखव."

मला तिचं नाव माहीत नव्हतं. येताना दीड तास बसमध्ये तिच्या मुलाशेजारी बसून मी ते विचारलं नव्हतं. मुलगा खांबाला टेकून उभा होता, त्यानं मान खाली घातली.

तिनं कॅसेट माझ्या हातातून परत घेतली, पदरानं पुसली आणि रुमालात गुंडाळली. रागावली नाही. मग मला माझ्या नावानं हाक मारली, गावासकट, टेपवर मी जसं सांगितलं होतं अगदी तसं, आणि म्हणाली, चहा टाकलाय, घेऊन जा.