गालाला लावून पाहिलेले हातमोजे

माझे हात अजून शाबूत आहेत. सुईत दोरा ओवता येतो, तांदळातला खडा बोटाला कळतो. त्याचं श्रेय माझं अजिबात नाही. माझ्यावर सोपवलं असतं, तर हे हात मी कधीच घालवून बसलो असतो.

एकाहत्तरच्या युद्धाचं ते वर्ष. आम्ही तिकडे हिंदी मुलखात, घमापुरात दोन खोल्यांत राहायचो आणि मी सायकलने खमरियाच्या वाटेवरच्या एका वर्कशॉपात जायचो. गाड्यांचे तेलकट सुटे भाग टाकीतल्या कॉस्टिक सोड्याच्या गरम पाण्यात बुडवून साफ करायचे, हे माझं काम. कामाचा सपाटा असा की रविवार कधी आला आणि गेला, ते कॅलेंडरलाच माहीत. त्यातच आम्हाला मुलगी झाली. मी कौतुकाने तिच्या गालाला हात लावला की ती दचकून रडायची.

"तुमचे हात टोचून राहिले तिला," बायको म्हणाली. "दुरूनच बघा न."

स्वतःच्या मुलीला दुरून बघायचं. मला भयंकर राग आला. राग हातांचा होता, निघाला बायकोवर.

दुसऱ्या दिवशी आमच्या मिस्त्रींनी माझ्या हातातले चामड्याचे मोजे काढून बघितले. आतून ओले, बाहेरून कडक. त्यांनी ते सरळ भंगारात फेकले. "सोडा चमड़े को खा जाता है भैया, फिर हाथ को खाएगा," असं म्हणून ते मला स्टोअरमध्ये घेऊन गेले. तिथे मी पातळ, गुलाबी जोडी उचलली, कारण ती हातात छान बसत होती. त्यांनी ती परत ठेवली. लोखंडाचं एक कुसळ लागलं की ही फाटणार. मग ढिगातून कोपरापर्यंत येणारे जाड, काळे रबरी मोजे त्यांनी काढले आणि वरची कड बाहेर दुमडून दाखवली, म्हणजे हात वर केला की ओघळ दंडाकडे जात नाही.

शेवटची परीक्षा त्यांची स्वतःची होती. मोजा हवेने फुगवायचा, मनगटाशी पीळ देऊन तोंड बंद करायचं आणि दाबत दाबत एकेक बोट गालाशी धरायचं. कुठे बारीक भोक असलं तर गालाला वारा लागतो. रोज सकाळी माझी जोडी ते अशी तपासायचे. मला ते सगळं नाटकी वाटायचं. बोटाने दाबून कळत नाही का, असं मनात यायचं.

पण पंधरा दिवसांत माझ्या हातांची भेगाळलेली कातडी भरून आली. मी मुलीला घ्यायला लागलो. ती रडेना, आणि मला जग जिंकल्यासारखं वाटायला लागलं.

मग एका सकाळी मोजा फुगवताना मिस्त्री थांबले. तळवा सुजल्यासारखा झाला होता आणि बोटाला चिकटत होता. त्यांनी वास घेतला. "इसमें तेल किसने लगाया?"

मला वास ओळखीचा होता. तिळाचं तेल, मुलीच्या मालिशीचं. मी मोजे धुवायला घरी नेत असे. थंडीत ते कडक पडतात म्हणून मालिश झाल्यावर वाटीत उरलेलं तेल बायको रोज त्यांना चोळत होती. तेलाने रबर सडतं, हे तिला कुठून माहीत असणार? मलाही नव्हतं. ते मोजे त्या दिवशी टाकीत फाटले असते, तर काय झालं असतं, याचा विचार आजही नको वाटतो. तेव्हा मात्र माझं डोकं तापलं. मिस्त्रींनी माझा चेहरा बघितला, आपली जादा जोडी मला दिली आणि संध्याकाळी सायकल काढून माझ्यासोबत घरी आले. "आपका भरोसा नहीं," म्हणाले.

घरी त्यांनी शांतपणे सांगितलं, "बहू, रबर को तेल नहीं पचता. पानी से धोना, छाँव में सुखाना, बस."

बायकोचा चेहरा उतरला. "मला वाटलं मोजे नरम राहिले तर यांचे हातबी नरम राहतील," ती हळूच म्हणाली. "पोरगी आता कुठं यांच्याजवळ जाऊन राहिली." माझा राग तिथेच विरला, आणि मला स्वतःची लाज वाटली.

तिने मुलीला मिस्त्रींच्या मांडीवर ठेवलं. त्यांनी तिला हात लावला नाही. वाकून आपला गाल तिच्या गालाला टेकवला आणि डोळे मिटून तसेच राहिले.

"हाथों को कुछ पता नहीं चलता, बहू," ते म्हणाले. "पुरानी जगह में हम नंगे हाथ काम करते थे."

 ते गेल्यावर मी मुलीच्या कपाळावरून, भुवयांवरून एक बोट फिरवत कितीतरी वेळ बसलो.

दुसऱ्या दिवशी स्टोअरमधून नवी जोडी मिळाली. मिस्त्रींनी हात पुढे केला, पण मी ती दिली नाही. मीच फुगवली, पीळ दिला आणि त्यांच्यासमोर एकेक बोट माझ्या गालाशी धरून बघितलं. दहाच्या दहा. आभार मानायची दुसरी रीत मला येत नव्हती.