टेकडीच्या सीताफळांचा फाटकवाला

जावयाला पाट-पाणी करणारे सासरे गावोगाव आहेत. पण जावई दारात उभा असताना आधी त्याची पिशवी उघडून बघणारा सासरा अख्ख्या मराठवाड्यात एकच, आणि तो माझ्या नशिबी आला. "जय भीम, जावईबापू. पिशवी उघडा," हे त्यांचं स्वागत. त्यात राग नसे, हसू नसे आणि सूटही नसे. पहिल्या भेटीत मी नेलेली केळ्यांची फणी त्यांनी उन्हात धरून इतका वेळ फिरवून पाहिली, की मलाच त्या केळ्यांचा संशय यायला लागला.

मामा (सासऱ्यांना आमच्याकडं मामाच म्हणतात) जन्मभर बदनापूरजवळ रेल्वे फाटकावर नोकरीला होते. निवृत्त होऊन धावड्याला परतले तेव्हा गावाला फाटक नाही, याचं त्यांना मनापासून वाईट वाटलं. पुढं शेजारच्या गावातली सीताफळं पांढरी पडली. परदेशातून कुठून तरी आलेला पिठ्या ढेकूण. पिंजलेल्या कापसासारखा फांदीला चिकटतो, रस पितो आणि झाड वाळवतो. धावड्याच्या टेकडीवर सीताफळाची दाट झाडी आहे, कुणा एकाच्या मालकीची नसलेली. ज्यांच्याकडं गुंठाभर जमीन नाही अशा घरांतल्या बाया दिवाळीच्या आधी तिथली फळं पाट्या भरून भोकरदनच्या बाजारात नेतात आणि पोरांचे कपडे, वह्या-पुस्तकं त्यावर होतात. मामांच्या आईनं हेच करून त्यांना शिकवलं होतं. म्हणून वेशीजवळच्या कडुलिंबाखाली मामा खुर्ची टाकून बसले, ते बसलेच.

हे काम त्यांना कुणी दिलं नव्हतं, त्यामुळं कुणाला काढून घेता येईना. एकदा लग्नाच्या मांडवासाठी हिरव्या डहाळ्या घेऊन ट्रॅक्टर वाजतगाजत आला. मामांनी तो थांबवून एकेक डहाळी उलटून पाहिली. वाजंत्रीवाले वाजवून वाजवून दमले आणि रस्त्यातच बसले. नवरीचा बाप म्हणाला, "अहो, मुहूर्त चाललाय." मामा म्हणाले, "जाऊ द्या. मुहूर्त दुसरा मिळंल. टेकडी कुठून आणून राह्यले?" दुसऱ्या एका वेळी वृक्षारोपणाला आलेल्या पाहुण्यांच्या गळ्यातला हार त्यांनी काढला, साबणाच्या पाण्यात बुचकळला आणि सन्मानानं परत घातला. पाहुण्यांनी ओल्या सदऱ्यात भाषण केलं. मामांनी ते पहिल्या रांगेत बसून शेवटपर्यंत ऐकलं.

आता माझा पराक्रम. मामींना जालन्याच्या नर्सरीतली दुहेरी पाकळ्यांची जास्वंद हवी होती आणि मामा बाहेरची काडीसुद्धा गावात येऊ देईनात. मला वाटलं, एवढ्याशा फांदीनं काय होतंय. ओल्या फडक्यात गुंडाळून मी ती जेवणाच्या डब्यात भाकरीखाली दडवली. वेशीवर मामांनी सगळी पिशवी उपसली. डबा मात्र हातात घेतला, हुंगला आणि तसाच ठेवला. "लेकीनं भरलेला डबा हाय," म्हणाले, "त्याला काय बघायचं?" तेव्हा मी मनातल्या मनात हसलो होतो. आता त्याची लाज वाटते.

मामींनी परसात सरपणाआड लपवून लावलेल्या त्या जास्वंदीवर दोनेक महिन्यांत पांढरा कापूस दिसला, परसातून टेकडीकडं मुंग्यांची रांग लागली आणि पायथ्याची चार सीताफळं पांढरी पडली. मामांनी जास्वंद उपटून जाळली. मग विहारापुढं लोकांना बोलावून उभ्या उभ्या सांगितलं, "किडा माझ्याच घरातून गेला. दुसऱ्या कुणाला बोल लावू नका." सीताफळं विकणारी एक म्हातारी म्हणाली, "साऱ्या दुनियेला थांबवलं अन् घरातच बघितलं न्हाई व्हय?" मामा म्हणाले, "बराबर हाय."

मी रजा टाकून गेलो. मामा दात घासायच्या जुन्या ब्रशनं साबणपाण्यात एकेक फांदी घासत होते, मुंग्या वर चढू नयेत म्हणून खोडांना ग्रीसचे पट्टे मारत होते. बाया घागरींनी पाणी वाहत होत्या, त्यांत ती म्हातारीही होती. चारांतली दोन झाडं तोडून जाळावी लागली. ती जळेपर्यंत मामा तिकडं पाठ करून उभे राहिले.

टेकडी वाचली. दिवाळीच्या आधी पाट्याही बाजारात गेल्या. पण मामा पुन्हा लिंबाखाली बसायला तयार होईनात. गावानं सांगून पाहिलं, म्हातारीनंही सांगितलं. "न्हाई," म्हणाले, "फाटकवाल्यानं एक चूक केली की संपलं. मंग त्यानं घरी बसावं." ते ऐकून मला राहवेना. ओट्यावर दोघंच होतो तेव्हा मी म्हणालो, "मामा, ती फांदी मी आणली होती. डब्यातून."

"माहीत हाय," मामा म्हणाले.

"मग लोकांना सांगितलं का नाही?"

"सांगितलं की. माझ्या घरातून गेला म्हणालो. तुम्ही काय सोताला बाहेरचे समजता?"

एवढं बोलून ते चहा घ्यायला आत गेले. त्या दिवशी त्यांनी मला चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं, असं मला अजून वाटतं.